न्याहारीची कूळकथा

इतिहास हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, तह येतात, आणि ज्यांनी शाळेत छड्या खाल्ल्या आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे सनावळ्या येतात. अमुक लढाई कोणत्या साली झाली, हे आम्ही मुलांना परीक्षेत विचारतो. त्या लढाईच्या दिवशी सकाळी शिपायाने काय खाल्ले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक लढाई माणसाच्या आयुष्यात एखादीच येते. सकाळ रोज येते, आणि सकाळ आली की पोट तिच्या आधी जागे झालेले असते. तेव्हा आज राजेरजवाडे जरा बाजूला ठेवू आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून, फोडणीचा वास घेत घेत, आपल्या न्याहारीचा इतिहास पाहू.

आरंभ शब्दापासूनच करू. ‘न्याहारी’ हा शब्द आपल्याला अगदी आपल्या मातीतला वाटतो. पण त्याचे नाते फारसीतल्या ‘नहार’ या शब्दाशी आहे, आणि ‘नहार’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, रिकाम्या पोटाचा. शहरी माणूस ‘नाश्ता’ म्हणतो. तोही फारसी, आणि त्याचाही मूळ अर्थ उपाशी असाच. इंग्रजी ‘ब्रेकफास्ट’ची फोड करावी तर उपास मोडणे. म्हणजे मौज पाहा: जगाने सकाळच्या खाण्याला नावे दिली ती खाण्यावरून नाही, भुकेवरून. ही गोष्ट मनात ठेवा. शेवटी तिच्याकडेच आपल्याला यायचे आहे.

आपल्या खेड्यापाड्यांतली जुनी न्याहारी म्हणजे घरात पाटावर बसून खायची वस्तूच नव्हे. ती शेतावर चालत जाई. गडी माणूस तांबडे फुटायला औत घेऊन जायचा आणि कासराभर दिवस वर आला की घरची बाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून येताना दिसायची. पाटीत भाकरी, एखादे कोरड्यास, मिरचीचा ठेचा, कांदा आणि गाडग्यात ताक. कांदा चाकूने चिरायचा नाही. गुडघ्यावर ठेवून बुक्कीने फोडायचा. जुनी माणसे सांगतात की न्याहारीची वेळ माणसाआधी बैलाला कळे. पाटी बांधावर दिसली की बैल तासातच उभा राही, मग कितीही चुचकारा. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते, पण न्याहारी आली की खांद्यावरचे जू उतरते एवढे शास्त्र त्याला पुरेसे होते.

पण त्या पाटीतली भाकरी कुठून आली? तर पहाटे, कोंबडा आरवायच्या सुमारास, जात्यावरून. पिठाच्या गिरण्या गावोगाव येईपर्यंत घरातल्या बायका काळोखात उठून दळत. ओव्या ऐकायला फार गोड वाटतात, परंतु ती ओवी म्हणणारीचा खांदा भरून आलेला असे, हे ऐकणाऱ्याने विसरू नये. म्हणजे न्याहारी पुरुषाच्या हाती पडे ती सूर्य वर आल्यावर, पण तिचे काम सुरू होई ते सूर्य उगवण्याच्या कितीतरी आधी.

गावातल्या आणि शहरांतल्या पांढरपेशा घरांची रीत थोडी वेगळी होती. शाळा-कचेरीला जाणारी मंडळी दहाच्या सुमारास पुरते जेवूनच बाहेर पडत. त्यामुळे सकाळी मोठे खाणे नसेच. लहान मुलांना मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट, कोकणात पेज. मोठ्यांनी स्नान-पूजा आटोपल्याखेरीज तोंडात काही घालायचे नाही. म्हणजे आज आपण ज्याला ‘आपला पारंपरिक नाश्ता’ म्हणतो, ती पोह्यांची वाफाळती बशी, शिरा, उपमा आणि वर चहा, ही रोजची चाल काही पेशवाईतली नव्हे. ती घड्याळाबरोबर आलेली आहे. ते कसे, ते पुढे सांगतो.

याचा अर्थ पूर्वी चांगलेचुंगले पदार्थ नव्हते असा मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सन ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे मुंबईजवळचे कल्याण नव्हे. कर्नाटकातले आजचे बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या राज्यात मोडत होता. हा राजा खाण्याचा मोठा दर्दी. त्याच्या ग्रंथात मांडे आहेत, वडे आहेत, ‘धोसक’ आहे, ‘इड्डरिका’ आहे. नावे ऐकून तुम्ही ओळखलेच असेल की ही डोसा आणि इडली यांची पणजोबा-पणजी. फक्त त्या इड्डरिकेत तांदूळ नव्हता. ती नुसत्या उडदाची होती. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे हे पदार्थ आजही घरोघर ओळखीचे आहेत. तितक्या राजांची नावे आमच्या विद्यार्थ्यांना ओळखीची नाहीत!

आता एक गंमत करू. उद्या पोह्यांची बशी समोर आली की खाण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि बशीतल्या एकेकाला विचारा, ‘बाबा रे, तुझे गाव कोणते?’ पोहे म्हणतील, आम्ही इथलेच. ते खरे आहे. भात भिजवायचा, भाजायचा आणि गरम असतानाच कुटून चपटा करायचा, ही विद्या या देशात फार जुनी. संस्कृतात पोह्यांना ‘पृथुक’ म्हणतात. सुदाम्याने द्वारकेला नेले ते हेच. हळद इथलीच, कढीपत्ता इथलाच. पण मिरची? ती अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या गलबतांबरोबर ही तिखट पाहुणी आली. त्यापूर्वी आपले तिखट म्हणजे मिरी. तिच्या ‘मरीच’ या नावावरूनच आपण या नव्या पाहुणीला ‘मिरची’ म्हणू लागलो. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटाही तिकडचाच, त्याचे नावदेखील आपण पोर्तुगीजांकडून घेतले. सुदाम्याच्या पुरचुंडीत कांदा-बटाटा-मिरचीचे पोहे असणे शक्यच नव्हते. मित्राने ते कोरडे पोहेच आवडीने खाल्ले, हे मैत्रीचे थोरपण.

आणि उपासाची तर कथाच निराळी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाण्याच्या खिचडीचे कूळ तपासा. मूळचा साबुदाणा हा आग्नेय आशियातल्या सागू नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून होई. आज आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदापासून करतात, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला. १८८० नंतर त्रावणकोरचा राजा विशाखम तिरुनाळ याने त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा साबुदाणा येईनासा झाला, तेव्हा तामिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने उभे राहिले. आता त्या खिचडीत दाण्याचे कूट, मिरची, बटाटा घाला. जोडीला रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याची वडी ठेवा. हे सारेच्या सारे मूळचे अमेरिका खंडातले! आपल्या मातीतली म्हणावी अशी एकटी वरई त्या ताटात कोपऱ्यात बसलेली.

आमच्या नात्यात एक आत्याबाई होत्या. टोमॅटोला त्या ‘विलायती वांगे’ म्हणून घरात घेत नसत. त्यांना मी एकदा म्हटले, “आत्याबाई, मग बटाटाही तिकडचाच की!” त्या खिचडी परतता परतता शांतपणे म्हणाल्या, “असेल रे. पण इतकी वर्षं माझ्याबरोबर एकादश्या करतोय तो. आता त्याला परका कोण म्हणेल?” श्रोतेहो, संस्कृतीविषयी मी पुष्कळ व्याख्याने ऐकली, पण याहून नेमके उत्तर क्वचितच ऐकले. जे बाहेरून आले ते आपल्या फोडणीत पडले, आपल्या चुलीवर शिजले आणि आपले झाले. ते टाकून द्यायचे म्हटले तर ताट रिकामे होईल.

पोह्यांचा विषय निघाला आहे म्हणून दोन शब्द आणखी. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे पोह्यांचा थाट असतो. अभ्यंगस्नान झाले, कारीट फोडले, की दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, नारळाच्या रसातले असे नाना तऱ्हेचे पोहे पानात येतात. याचे कारण सरळ आहे. त्याच सुमारास नवा भात घरात आलेला असतो. पहिल्या पिकाचा पहिला घास तो! आज बाराही महिने पोहे मिळतात, त्यामुळे सणाचा हा शेतीशी असलेला धागा आपल्या ध्यानात येत नाही.

आणि कांदेपोह्यांचा दुसरा कार्यक्रम तर सर्वांना ठाऊक आहे: मुलगी पाहण्याचा. मुलीने बशा आणून ठेवायच्या, वडिलांनी घसा साफ करून म्हणायचे, “पोहे हिनंच केलेत हो!” आणि आत शेजारच्या काकूंनी पदराला हात पुसत हसू दाबायचे. मुलाकडची मंडळीही काही कमी नसतात, त्यांना हे ठाऊक असते आणि तरीही ती “वा, वा!” म्हणतात. हसण्यासारखे आहे खरे. पण जरा विचार केला की हसू ओसरते. शिकल्यासवरलेल्या मुलीची परीक्षा एका बशीवर घ्यायची, आणि परीक्षकाला मात्र साधा चहाही करता येत नसायचा, ही तऱ्हा आपण फार दिवस चालू दिली.

चहाचे नाव निघाले. आज चहावाचून न्याहारी होत नाही. पण हा चहा आपल्या घरात काही सुखासुखी शिरलेला नाही. आसामातला चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात गेला. पिकत होता इथे, पीत होते साहेब. १८९० साली पुण्याला पंचहौद मिशनमध्ये गावातल्या नामांकित मंडळींना बोलावणे गेले. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब उडाला! मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली आणि प्रायश्चित्ते सांगितली गेली. एका पेल्यापायी दोन वर्षे वाद चालला. पुढच्या काळात चहाचा प्रसार करणाऱ्या मंडळींनी गावोगाव आणि आगगाडीच्या स्टेशनांवर चहा करून दाखवला, लोकांना पाजला आणि त्याची गोडी लावली. ज्या पेल्याने सनातनी पुणे हादरले, तोच पेला पुढे पुण्याच्याच नव्हे, साऱ्या महाराष्ट्राच्या देवघरापर्यंत पोचला. आता पूजा सांगायला आलेले गुरुजीच आधी विचारतात, “चहा टाकलाय ना?”

याच १८९० सालची दुसरी एक गोष्ट आहे. ती चहाच्या वादाइतकी गाजली नाही, पण माझ्या मते आपल्या न्याहारीवर तिचे ऋण अधिक आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत त्या वेळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी उशिरा उठतो, घरात थालीपिठाचा खमंग वास सुटलेला असतो आणि ‘आज काय विशेष?’ असे विचारीत सगळे चुलीभोवती गोळा होतात. त्या निवांत सकाळीमागे लोखंड्यांची खटपट आहे. पोट भरण्यासाठीची न्याहारी फार जुनी आहे. पण सावकाश, हौसेने, दोनदा मागून घ्यायची न्याहारी ही सुटीची लेक आहे.

मघाशी म्हटले होते की आपला नाश्ता घड्याळाबरोबर आला. आगगाडी, गिरणीचा भोंगा, सकाळची शाळा यांनी दिवसाची मोडणीच बदलली. दहाला पुरते जेवून निघणे जमेना. मग लवकर होणारे आणि पोटाला आधार देणारे काहीतरी हवे झाले. त्याच काळात चुलीच्या जोडीला स्टोव्ह आला आणि पुढे गॅस आला. चूल पेटवायची, धूर काढायचा, निखारे जमवायचे यात अर्धी सकाळ जाई; स्टोव्हवर दहा मिनिटांत पोहे होत. पाककृतींची पुस्तकेही निघाली. ‘सूपशास्त्र’ १८७५ साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. सासू-आईच्या तोंडून कळणारी विद्या छापील पानांवर आली आणि एका प्रांताचा पदार्थ दुसऱ्या प्रांतात जाऊ लागला.

प्रांताप्रांताच्या या भेटीगाठीत गमतीही होतात. कोकणातले एक मास्तर मराठवाड्यात बदलून गेले. पहिल्याच सकाळी घरमालकीणबाईंनी विचारले, “गुरुजी, सुशीला चालेल ना?” मास्तर अविवाहित. ते गोंधळून म्हणाले, “मी अजून घरी विचारलेलं नाही!” मग पुढ्यात चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली बशी आली, तेव्हा त्यांना कळले की सुशीला हे तिकडच्या न्याहारीचे नाव आहे. विदर्भात गेलात तर उकडपेंडी मिळेल, सोलापूरकडे धपाटी, तळकोकणात घावन आणि आंबोळी. आणि साऱ्या महाराष्ट्राला एका सूत्रात बांधणारी फोडणीची पोळी तर आहेच. काल रात्रीच्या उरल्या पोळ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन त्यांचे असे काही सोने करायचे की खाणाऱ्याने म्हणावे, ‘आज पोळ्या जरा जास्तच उरू दे.’ शिळ्याचा अपमान न करता त्याला पुन्हा ताजे करणे, ही गरिबीने शिकवलेली कला आहे.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. रविवारची सुटी गिरणीतल्या माणसाला मिळाली, कचेरीतल्याला मिळाली, शाळेतल्या मुलाला मिळाली. चुलीपुढच्या बाईला ती कधी मिळाली? उलट रविवार आला की तिचे काम वाढते. थालीपिठाचेच पाहा. ते तव्यावरून गरम उतरले तरच त्याची लज्जत. मधोमध बोटाने भोके पाडायची, तेल सोडायचे, झाकण ठेवायचे, आणि खरपूस झाले की लोण्याच्या गोळ्यासह वाढायचे. घरात पाच माणसे असली तर पाच जणांना ते एकामागून एक गरम मिळते. करणारीचे सहावे. तेवढ्यात भाजणीचे पीठ संपत आलेले असते. मग खरवडून केलेले ते शेवटचे, वेडेवाकडे थालीपीठ ती उभ्याउभ्याच खाते, तेही बहुधा गार. पाककृतीच्या पुस्तकात ‘गरमगरम वाढावे’ असे असते. ते कोणी कोणाला वाढावे, हे बिचारे पुस्तक सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते.

आणि आता त्या पहिल्या शब्दाकडे येऊ. न्याहारी म्हणजे मुळात उपाशी पोट. आपण हौसेच्या न्याहारीविषयी एवढे बोललो. पण ज्यांच्या घरी सकाळी चूलच पेटत नाही, त्यांचाही इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात मजुरांनी रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडली, तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, आणि कामावर वाटलेल्या सुकडीवर मुले जगवली. ते दिवस पाहिलेली माणसे अजून तुमच्या गावात असतील. त्यांना सुकडीची चव विचारा. ते आधी गप्प होतील, मग सांगतील.

शिक्षक मंडळींना मी निराळे काय सांगणार? पहिल्या तासाला एखादे मूल फळ्याकडे पाहते पण त्याला काही दिसत नाही. प्रार्थनेच्या रांगेत एखादी मुलगी घेरी येऊन खाली बसते. आपण विचारतो, ‘सकाळी काय खाल्लंस?’ ती म्हणते, ‘चहा.’ १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शाळेतल्या दुपारच्या आहाराची योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली. तिथे उपमा आणि पोंगल मुलांच्या ताटलीत पडू लागले. सोमेश्वर राजाने आपल्या मुदपाकखान्याचे वर्णन लिहून ठेवले, ते कौतुकाचे आहेच. पण खेड्यातल्या शाळेत मुलांना गरम उपमा मिळतो, ही नोंद मला इतिहासाच्या पुस्तकात त्याहून मोठ्या अक्षरांत हवी आहे.

तेव्हा श्रोतेहो, शिक्षकांना माझी एक सूचना आहे. या आठवड्यात मुलांना एक प्रश्न घरी न्यायला सांगा: ‘आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा सकाळी काय खायचीस, आणि ते कोण करायचं?’ उत्तरे वहीत उतरवून आणायला सांगा. त्या चाळीस वह्यांतून तुमच्या गावाचा असा इतिहास हाती येईल की जो कोणत्याही दप्तरखान्यात मिळणार नाही. त्यात पिके येतील, दुष्काळ येतील, जाती येतील, लग्ने येतील आणि भूकही येईल.

आणि घरोघरच्या श्रोत्यांना एवढेच सांगणे, की येत्या रविवारी पहिले गरम थालीपीठ करणारीच्या पानात पडू द्या. पीठ थापायला तुम्ही बसा. ते वाकडे होईल, जाड होईल, तव्याला चिकटेलही. होऊ द्या. इड्डरिकेची इडली व्हायला काही शतके लागली. तुमचे थालीपीठ गोल व्हायला दोन-चार रविवार लागले, तर काही बिघडत नाही.